तापीतला हत्ती आणि नेसमधला राक्षस

बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यापुढे तापीच्या पात्रात हत्तीच्या आकाराचा एक कोरीव खडक आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापारी विल्यम फिंच १६१० साली सुरतेहून आग्र्याकडे जाताना या शहरात उतरला, तेव्हा त्याने या दगडी हत्तीची हकीकत आपल्या प्रवासवृत्तात नोंदवून ठेवली. ती अशी की, नदीवर पाणी पिण्यास आलेल्या एका जिवंत हत्तीला तो खडक खराच हत्ती वाटला. त्याने सर्व बळ एकवटून त्याला धडक दिली आणि आपले दोन्ही सुळे मोडून घेतले. त्या खडकाच्या कपाळास तांबडा रंग फासलेला असे व लोक त्याची पूजा करीत, असेही फिंच सांगतो.

प्रवाशांच्या ऐकीव हकीकतींवर अक्षरशः विश्वास ठेवण्याचे कारण नाही. त्या हत्तीचे सुळे खरोखरच मोडले, की सांगणाऱ्याने कारागिराची थोरवी वाढविण्यासाठी ते मोडले, याचा निवाडा आज होणे अशक्य आहे. परंतु पाण्याच्या काठी डोळे कसे फसतात याचे इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. नदीचे पाणी हातभर चढले वा उतरले, की तोच दगड कधी पाठ, कधी मस्तक, तर कधी नुसताच एक काळा उंचवटा होऊन राहतो. जगातील अनेक सरोवरांत जे अक्राळविक्राळ प्राणी दिसल्याचे सांगण्यात येते, त्यांच्यामागे खरा प्राणी कोणता असावा याचा वाद गेली नव्वद वर्षे चालू आहे. हा वाद म्हणजे थंड देशातील रिकामटेकड्यांची करमणूक, असे पुष्कळांना वाटेल. ज्यांच्या गावाला नदी नाही त्यांना तसे वाटण्यास हरकत नाही. मांडवी-जुवारीच्या काठी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना मात्र त्याकडे इतक्या हलकेपणाने पाहता येणार नाही.

या वादाचे मुख्य पीठ म्हणजे स्कॉटलंडमधील नेस सरोवर. ते सुमारे ३७ किलोमीटर लांब, चिंचोळे आणि जवळजवळ २३० मीटर खोल आहे. भोवतालच्या दलदलीतील कुजकी माती सतत वाहून येत असल्याने त्याचे पाणी इतके काळसर झाले आहे की, थोड्या खोलीवर काहीच दिसत नाही. सहाव्या शतकातील संत कोलंबाने नेस नदीतील एका हिंस्र जलचराला पिटाळून लावल्याची आख्यायिका तेथे आहे. परंतु आजच्या स्वरूपातील 'राक्षस' जन्मास आला तो १९३३ च्या मे महिन्यात. इन्व्हर्नेस येथील स्थानिक वृत्तपत्राने एका दांपत्याला सरोवरात प्रचंड प्राणी दिसल्याची बातमी छापली आणि पाहता पाहता ती जगभर पोहोचली. त्याच वर्षी किनाऱ्यावर विशाल पावलांचे ठसे सापडले. तज्ज्ञांनी तपासून पाहिले तेव्हा ते पाणघोड्याच्या वाळविलेल्या पायाने मुद्दाम उमटविलेले निघाले. पुढच्या वर्षी, १९३४ च्या एप्रिलात, लांब मान उंचावून पोहणाऱ्या प्राण्याचे ते सुप्रसिद्ध छायाचित्र लंडनच्या 'डेली मेल'मध्ये झळकले. साठ वर्षे ते पुरावा म्हणून मिरविले गेले. खेळण्यातल्या पाणबुडीवर बसविलेली ती बनावट मान होती, हे १९९४ साली उघडकीस आले.

तथापि लबाडी उघडकीस आली म्हणजे वाद मिटला असे होत नाही. फसवणूक करणारे मूठभर असतात. बाकीची शेकडो माणसे आपण जे पाहिले ते प्रामाणिकपणे सांगत असतात. त्यांनी काहीतरी पाहिले हे निश्चित. मग ते काय होते?

सर्वांत लोकप्रिय उत्तर म्हणजे प्लेसिओसॉर, म्हणजे लांब मानेचा प्राचीन सागरी सरीसृप. हे उत्तर कल्पनेला जितके भुरळ घालणारे, तितकेच विचाराला न पटणारे आहे. हा वंश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाला. नेस सरोवर तर सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत हिमयुगाच्या बर्फाखाली होते. एकटा प्राणी शतकानुशतके जगत नाही; वंश टिकायचा तर नर, माद्या, पिले असा परिवार हवा, त्या परिवाराला पुरेल इतकी मासळी हवी, आणि श्वास घेण्यास वारंवार वर येणारा एवढा कळप कोणाच्या तरी नजरेस रोज पडावयास हवा. १९८७ साली चोवीस नौकांची रांग करून ध्वनिलहरींच्या साहाय्याने सरोवर विंचरून काढण्यात आले. राक्षस हाती लागला नाही.

मग क्रमाक्रमाने इतर उमेदवार पुढे आले. समुद्रातून नदीमार्गे चुकून आलेला सील, स्टर्जन नावाचा मोठा मासा, पोहत पैलतीरी जाणारे हरिण, पाणपक्ष्यांची रांग, तरंगणारे लाकडाचे ओंडके, नौका दिसेनाशी झाल्यावरही किनाऱ्याशी आपटत राहणाऱ्या तिच्या लाटा: यांपैकी प्रत्येकाला आपापले वकील मिळाले. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाचे नील गेमेल यांनी २०१८ साली निराळीच वाट धरली. प्राणी दिसो वा न दिसो, त्याच्या अंगावरचे कण, खवले, विष्ठा पाण्यात मिसळतातच आणि त्यांतील आनुवंशिक द्रव्य तपासता येते. त्यांनी सरोवराच्या निरनिराळ्या भागांतून व खोलींवरून पाण्याचे सुमारे अडीचशे नमुने घेतले. २०१९ च्या सप्टेंबरात निष्कर्ष जाहीर झाला. सरीसृपाचा मागमूस नाही, स्टर्जनचा नाही. मात्र ईल या सर्पाकृती माशाचा अंश जवळजवळ सर्वत्र. आपल्या कोकणातील अहीर मासा याच कुळातला. तेव्हा राक्षस म्हणजे अवाढव्य ईल असावा, असा तर्क पुन्हा जोर धरू लागला. परंतु २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासाने त्यालाही आवर घातला. तेथे पकडलेल्या ईलांच्या मापांवरून पाहता मीटरभर लांबीचा ईल सापडण्याची शक्यता सुमारे पन्नास हजारांत एक. सहा मीटरांचा ईल तर जवळजवळ अशक्यच.

या साऱ्या उमेदवारांत एक असा आहे की त्याचे नाव ऐकून बुऱ्हाणपूरकरांना गंमत वाटावी. ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयातील जीवाश्मतज्ज्ञ नील क्लार्क यांनी २००६ साली असा तर्क मांडला की, १९३० नंतरच्या काळात त्या रस्त्याने फिरत्या सर्कशी जात असत आणि त्यांचे हत्ती विश्रांतीसाठी सरोवरात सोडले जात. पोहणाऱ्या हत्तीची सोंड वर, डोक्याचा व पाठीचा उंचवटा पाण्याबाहेर, बाकी सारे शरीर बुडालेले. ज्याने जन्मात हत्ती पोहताना पाहिला नाही, त्याला यात लांब मान आणि दोन कुबडे सहज दिसतील. बर्ट्रम मिल्स या सर्कसमालकाने राक्षस जिवंत पकडून आणणाऱ्यास १९३३ साली वीस हजार पौंडांचे बक्षीस लावले होते, हेही क्लार्क यांच्या तर्काला पूरकच म्हणावयाचे. सगळ्याच दर्शनांचा उलगडा या एका तर्काने होत नाही, आणि तसा दावाही कोणी करू नये. पण तापीकाठी हत्तीने दगडात हत्ती पाहिला आणि नेसकाठी माणसांनी हत्तीत राक्षस पाहिला असेल, तर दोन्ही ठिकाणी घडले ते एकच. पाहणाऱ्याने आपल्या मनात आधीपासून असलेला प्राणी पाण्यावर ठेवला.

यातून तपासाची एक सोपी रीत हाती येते: पाणी आधी, प्राणी नंतर. पाणी किती खोल, किती थंड, कोठून येते, कोठे जाते, त्यात खाद्य काय, ऋतू कोणता, हे प्रथम ठरवावे. मग त्या पाण्यात कोण जगू शकेल हे आपोआप उरते. नेसच्या खोल पाण्याचे तापमान बारा महिने पाच-सहा अंशांच्या आसपास असते. उन्हावर शरीर तापविणाऱ्या सरीसृपाला तेथे थारा नाही. म्हणून तेथे सरीसृपाचे नाव यादीत शेवटी येते. हीच रीत घेऊन आपण बुऱ्हाणपूरला तापीच्या काठी उभे राहिलो, तर यादी पूर्णपणे उलटी होते.

बैतूल जिल्ह्यातील मुलताईला उगम पावून सुरतेपाशी सागरास मिळेपर्यंत तापी सुमारे ७२४ किलोमीटर वाहते. पावसाळ्यात तिचा लोंढा झाडेच्या झाडे उपटून आणतो, आणि उन्हाळ्यात तीच नदी ठिकठिकाणच्या डोहांत विसावते. पुराच्या पाण्यावर अर्धवट बुडालेला, फांद्यांसह गटांगळ्या खाणारा वृक्ष हा पहिला संशयित. दुसरी म्हैस. नाकपुड्या आणि शिंगे एवढीच पाण्याबाहेर ठेवून ती पैलतीराला जाते, तेव्हा संध्याकाळच्या उजेडात ती कोणीही असू शकते. तिसरा तिरंदाज नावाचा पक्षी. हा पाणकावळ्याचा भाऊबंद पोहताना सारे अंग पाण्याखाली ठेवतो आणि सापासारखी मान तेवढी वर काढतो. सरोवरातील राक्षसाची ती 'लांब मान' आपल्याकडे रोज मासे खात असते. पाणमांजरांची टोळी एकामागे एक बुड्या मारीत चालली की एकाच लांबलचक प्राण्याच्या पाठीवरचे उंचवटे वरखाली होत असल्याचा भास होतो. आपल्या चोडणच्या खारफुटीत राहणाऱ्या पाणमांजरांनी हा देखावा कितीतरी जणांना दाखविला असेल. शिवड्यासारखा थोराड मासा, मऊ पाठीचे मोठे कासव, पाण्यात सहज पोहणारा अजगर हेही यादीत आहेतच. आणि या सर्वांच्या शिरोभागी, उन्हाने तापलेल्या आपल्या नद्यांची खरीखुरी स्वामिनी, मगर. स्कॉटलंडमध्ये जे उत्तर सर्वांत अशक्य, तेच आपल्याकडे सर्वांत शक्य ठरते. तेथे 'मोठा सरीसृप पाहिला' म्हणणाऱ्याला हसणे क्षम्य आहे. येथे हसणाऱ्याच्या अंगाशी येईल.

आपल्या परंपरेने हे फार पूर्वी ओळखले होते. भागवताच्या आठव्या स्कंधातील गजेंद्र सरोवरात उतरतो, तेव्हा त्याचा पाय धरणारा प्राणी कोणी अज्ञात राक्षस नसून नक्र आहे. गंगेचे आणि वरुणाचे वाहन मकर. त्याला शिल्पकारांनी कोठे मगरीचा जबडा दिला, कोठे हत्तीची सोंड, कोठे माशाचे शेपूट. देवळांच्या पन्हाळीवरील मकरमुखे पाहताना असे वाटते की, पाण्यात ओझरते दिसलेले सारे काही कारागिराने एका देहात गोळा केले असावे. आजचा मगर हा शब्दही त्या मकराचाच वंशज. महाराष्ट्रातील गावोगावच्या डोहांत आसरा राहतात, तिन्हीसांजेला तिकडे फिरकू नये, असे आजी सांगत असे. तिच्या सांगण्यात भय होते तसे ज्ञानही होते. डोह खोल, काठ निसरडा आणि वेळ अशी की पाण्यातली मगर शिकारीला निघण्याची.

गोमंतकात तर या ज्ञानाचा एक विधीच झाला आहे. मांडवी आणि जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरींची जुनी वसती आहे. गोड्या पाण्यातली ही जात येथे मचूळ पाण्यालाही सरावली आहे. जुन्या गोव्याच्या रक्षणासाठी त्या खंदकासारख्या पाण्यात आदिलशहाने मगरी सोडल्याची कथा सांगतात. कथेचा भरवसा कोणी द्यावा? परंतु फोंडा तालुक्यात दुर्भाटसारख्या गावी पौष अमावास्येला खाजनाच्या मातीची मगर थापून तिची पूजा करतात, ती 'मानगे थापणी' मात्र आज पाहता येते. तिच्या पाठीवर खवल्यांच्या जागी शिंपले बसवितात. ज्यांचे पोट खाजनाच्या बांधावर आणि खाडीतल्या मासळीवर, त्यांना पाण्यात कोण राहतो हे ठाऊक होते. त्यांनी त्याला राक्षस म्हटले नाही. त्याला नाव दिले, वर्षातला एक दिवस दिला, आणि बांधाचा राखणदार मानून त्याच्याशी शेजारधर्म ठेवला. तापीतल्या दगडी हत्तीच्या कपाळाला रंग लावणारे हात आणि ही मातीची मगर थापणारे हात यांत आम्हांस अंधश्रद्धेपेक्षा ओळख अधिक दिसते.

ही ओळख तुटली की काय होते, ते आज ठिकठिकाणी दिसत आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मगरीला सर्वोच्च संरक्षण दिले आणि १९७५ पासून देशात मगरसंवर्धनाची योजना राबविली गेली. शिकारीने संपत चाललेला प्राणी त्यामुळे वाचला, ही समाधानाची गोष्ट होय. पण दरम्यान काठावरची माणसे बदलली. विहिरी-नळांमुळे नदीशी रोजचा संबंध राहिला नाही, नव्या वस्त्या थेट पूररेषेत उभ्या राहिल्या, वाळूच्या उपशाने मगरींच्या ऊन खाण्याच्या आणि अंडी घालण्याच्या जागा गेल्या. सांगलीच्या परिसरात कृष्णाकाठी मगरींच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत. २०२४ च्या पावसाळ्यात चिपळुणात मगर भर रस्त्याने चालत असल्याचे चित्रण घरोघरी पाहिले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विश्वामित्रीच्या पुराबरोबर वडोदऱ्याच्या वस्त्यांत मगरी शिरल्या. मुंबईचा १८९१ सालचा पवई तलाव चहूबाजूंनी शहराने वेढलेला असूनही त्यात मगरी आहेतच.

अशा वेळी दोन प्रकारची माणसे पुढे सरसावतात. एक म्हणतो, पाण्यात अजस्र काहीतरी आहे, बोलावा गाव, घ्या काठ्या. दुसरा, बहुधा कचेरीत बसलेला, म्हणतो, ही सारी अफवा आहे, लोकांनी विश्वास ठेवू नये. पहिल्याच्या उतावळेपणाने निरुपद्रवी पाणमांजर, अजगर, कासव प्राणास मुकते. दुसऱ्याच्या आळसाने धुणे धुणारी बाई किंवा गुरे पाजणारा पोरगा मगरीच्या तावडीत सापडतो. दोघांचा दोष एकच आहे. पाहणाऱ्याला प्रश्न विचारण्याची तसदी त्यांपैकी कोणीच घेतलेली नसते.

आणि पाण्यावर पाहणाऱ्याची मोठी अडचण असते. रस्त्यावर उभ्या बैलाच्या शेजारी झाड असते, घर असते, त्यावरून त्याचे माप कळते. उघड्या पाण्यावर मापाला काहीच नसते. जवळचा हातभर पक्षी आणि दूरचा दोन पुरुष लांबीचा प्राणी डोळ्यांना सारखाच भासतो. म्हणून 'केवढा होता?' हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. वेळ कोणती, ऊन कोठून होते, पाणी चढते की उतरते, प्राणी प्रवाहाबरोबर चालला होता की प्रवाहाविरुद्ध, बुडाला तो सरळ खाली की पुढे झेप घेऊन, पुन्हा किती वेळाने वर आला, हे आधी विचारावे. प्रवाहाविरुद्ध ओंडका जात नाही. आवाज न करता सरळ खाली जाऊन बराच वेळ वर न येणारा प्राणी पाणमांजर नव्हे. तो मगर असू शकतो. साध्या पाच-सहा प्रश्नांत अर्धे राक्षस विरघळतात, आणि जे उरतात त्यांच्यासाठी वनखात्याने लगबग करावी.

आमची मागणी एवढीच आहे. नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत अशा दर्शनांची एक साधी वही असावी, आणि नोंद झाल्यावर ठराविक दिवसांत जाणत्या माणसाने स्थळ पाहून उत्तर द्यावे. वर्षानुवर्षांच्या नोंदींतून मगरीची घरटी कोठे, ती कोणत्या महिन्यांत आक्रमक होते, पुरात कोणत्या नाल्याने वर येते, हे कोणत्याही महागड्या यंत्रावाचून कळेल. जेथे वावर निश्चित, तेथे लोकांच्या भाषेत फलक हवा. बुऱ्हाणपुरासारख्या गावी हिंदी, उर्दू आणि मराठी अशा तिन्ही भाषांत तो लागला पाहिजे. धुण्याच्या व गुरे पाजण्याच्या घाटाला मजबूत जाळीचे कुंपण घालणे हे काही अशक्य कोटीतील काम नाही. शाळेतल्या मुलांना डायनोसोरची नावे तोंडपाठ असतात. त्यांना तिरंदाज, पाणमांजर, शिवडा आणि मगर काठावरून ओळखता आली तर तो अभ्यास अधिक उपयोगाचा होईल. आणि हे शिकविण्यासाठी खाडीतले जुने रापणकार, नदीवरचे भोई, खाजनाचे राखणदार यांच्याइतके चांगले गुरुजी कोठून आणावयाचे?

बुऱ्हाणपूरलाच पाण्याची आणखी एक गोष्ट आहे. सातपुड्याच्या पायथ्याचे झरे जमिनीखालून शहरात आणण्यासाठी अब्दुल रहीम खानखानानच्या काळी, १६१५ च्या सुमारास, भूमिगत बोगदे व कुंड्यांची एक विलक्षण योजना आखली गेली. तिचे नाव कुंडी भंडारा. लोकांच्या तोंडी मात्र 'खूनी भंडारा' हे नाव बसले, आणि नवख्याने ते ऐकले की त्याच्या अंगावर काटा येतो. कुंडीतून खाली उतरून पाहणाऱ्याला मात्र वाहते निर्मळ पाणी आणि माणसाच्या बुद्धीचे काम दिसते. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्याचा समावेश झाला, तो असे कोणीतरी उतरून पाहिल्यामुळेच.

नेस सरोवराचा राक्षस सापडला नाही म्हणून स्कॉटलंडचे काही बिघडले नाही. पर्यटकांच्या खिशावर तो सुखाने जगतो आहे. आपल्या पाण्यातला प्राणी मात्र खरा आहे, भुकेला आहे, आणि त्याच पाण्यावर आपली माणसेही उतरत आहेत. येत्या पावसाळ्यात कोणी धावत येऊन सांगेल की खाडीत काहीतरी मोठे दिसले. त्याला हसू नये, काठ्याही उचलू नयेत. त्याला बसवून घ्यावे, पाणी द्यावे, आणि विचारावे: बाबा, ते प्रवाहाबरोबर जात होते की प्रवाहाविरुद्ध?